अकीक: ओळखावा कसा, निवडावा कसा आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी

अकीक विकत घेणारे बहुतेक लोक तो कोणत्या तरी त्रासावर उपाय म्हणून घेतात. कोणाला रात्री झोप लागत नाही, कोणाला रक्तदाबाची धास्ती असते, कोणाच्या मुलाला वारंवार दृष्ट लागते असे घरच्यांना वाटते. दुकानदार खड्याचे गुण सांगतो, गिऱ्हाईक भाव विचारते, आणि हा खडा मुळात काय आहे, हा प्रश्न बहुधा दोघांच्याही मनात येत नाही. प्रस्तुत लेखात तो प्रश्न आधी घेतला आहे. दगडाची जडणघडण समजली की त्याची पारख करता येते, पारख जमली की फसवणूक टळते, आणि औषधी गुणांविषयीचे कोणते बोलणे परंपरेचे, कोणते अनुभवाचे आणि कोणते निव्वळ विक्रीचे, हेही वेगळे काढता येते.

दगड म्हणून अकीक

अकीक ही गारेच्याच कुळातील वस्तू आहे. रसायनाच्या भाषेत ती सिलिका, म्हणजे वाळूत आणि गारगोटीत असते तेच द्रव्य. फरक एवढाच की स्वच्छ स्फटिकात हे द्रव्य मोठ्या, सलग स्फटिकरूपात असते, तर अकीकात ते डोळ्यांनी दिसू नयेत इतक्या बारीक तंतूंच्या रूपात दाटलेले असते. अशा दाट, सूक्ष्मस्फटिकी गारेला खनिजशास्त्रात कॅल्सिडोनी म्हणतात. त्यात पट्टे असतील तर शास्त्रज्ञ त्याला काटेकोरपणे अगेट म्हणतात आणि एकरंगी तांबड्या खड्याला कार्नेलियन म्हणतात. आपल्या बाजारात मात्र दोन्हींना अकीक किंवा हकीक हेच नाव चालते. या लेखातही तो शब्द त्याच व्यापक अर्थाने वापरला आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला या दगडाचा जन्म समजून घेण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हाचे थरावर थर पसरले आणि त्यांचाच काळा कातळ झाला. लाव्हा थंड होत असताना त्यात अडकलेल्या वायूंचे बुडबुडे पोकळ्यांच्या रूपाने तसेच राहिले. पुढे कातळातून झिरपणाऱ्या पाण्याने सोबत विरघळलेली सिलिका आणली आणि ती या पोकळ्यांच्या भिंतींवर थराथराने बसत गेली. पाण्यातील लोहाचे आणि इतर द्रव्यांचे प्रमाण जसे बदलले, तसा प्रत्येक थराचा रंग वेगळा झाला. म्हणून अकीकाचे पट्टे पोकळीच्या आकाराला धरून, बाहेरून आत असे वळत जातात, आणि मधोमध जागा उरली असेल तर तेथे लखलखणारे स्फटिक दिसतात. कातळ झिजून माती झाला तरी हे कठीण गोटे झिजले नाहीत. ते नदीनाल्यांच्या पात्रांत येऊन पडले. गोदावरी, भीमा, नर्मदा यांच्या वाळूत सापडणाऱ्या गुळगुळीत अर्धपारदर्शक गोट्यांपैकी बरेचसे याच जातीचे असतात. दख्खनच्या कातळातील पोकळ्यांत सापडणारी खनिजे एका ठिकाणी पाहायची असतील तर नाशिक जिल्ह्यातील सिन्नरचे गारगोटी संग्रहालय अवश्य पाहावे.

पारख करताना उपयोगी पडणारे गुणधर्म थोडेच आहेत, पण ते लक्षात ठेवावेत. मोहस् मापनावर अकीकाची कठीणता ६.५ ते ७ असते, म्हणजे चाकूच्या पोलादाने त्यावर ओरखडा उठत नाही आणि तो स्वतः काचेवर ओरखडा काढतो. त्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या मानाने त्याचा जडपणा, साधारण २.५८ ते २.६४ पट असतो. फुटलेल्या कडेवर वक्र, शंखाभ भंग दिसतो आणि ताज्या तुकड्याची चमक काचेसारखी झगझगीत नसून मेणचट असते. आणखी एक गुण बाजाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे: अकीक दिसायला घट्ट असला तरी त्याच्या तंतूंमध्ये अतिसूक्ष्म छिद्रे असतात, त्यामुळे तो रंग पितो. सगळे पट्टे सारखे सच्छिद्र नसल्यामुळे काही पट्टे खूप रंग घेतात आणि काही जवळजवळ घेतच नाहीत.

प्रकारांची नावे दुकानागणिक बदलतात, म्हणून नावापेक्षा रूपाकडे पाहावे. तांबड्या आणि नारिंगी खड्यांचा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. काळ्या-पांढऱ्या किंवा तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या खड्याला आपल्याकडे सुलेमानी म्हणतात. ज्यात झाडाच्या फांद्यांसारखी काळी-तपकिरी नक्षी असते, ती मुळात मँगनीज आणि लोह यांच्या ऑक्साइडांची वाढ असते, कोणत्याही वनस्पतीचा अवशेष नव्हे. उत्तर प्रदेशातील बांदा येथे केन नदीत मिळणारा ‘शजर’ दगड याच जातीचा असून तेथील कारागीर शेकडो खड्यांतून एखादे सुबक झाड निवडून त्याभोवती पैलू पाडतात. हिरवे शेवाळ अडकल्यासारखा दिसणारा शेवाळी अकीक आणि गडद हिरव्यावर लाल ठिपके असलेला खडा हेही याच कुळातले.

पैठण, भरुच, खंबायत

अकीकाचा उपयोग दागिन्याआधी हत्यार म्हणून झाला. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळातील शेतकऱ्यांची वस्ती सापडली. तेथे कॅल्सिडोनीची बारीक, धारदार पाती मिळाली आणि त्याच लोकांच्या गळ्यातले तांबड्या अकीकाचे मणीही मिळाले. ज्या गोट्याची धार चांगली, त्याचाच मणी सुंदर, हे त्यांना ठाऊक होते.

त्याच्याही आधी सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी या दगडावर जे काम केले, त्याच्या तोडीचे काम पुढे क्वचितच झाले असेल. गुजरातमधील लोथल आणि सिंधमधील चन्हुदडो येथे मणी घडवण्याच्या कार्यशाळा सापडल्या आहेत. तेथे घडलेले लांब, निमुळते तांबडे मणी इराकमधील उर येथील राजघराण्याच्या दफनभूमीपर्यंत पोहोचले. लिओनार्ड वूली यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात केलेल्या उत्खननात ते मिळाले. इतक्या लांब मण्याला आरपार वेज, म्हणजे भोक, पाडणे हे त्यातले सर्वांत कठीण काम होते. त्यासाठी एका विशिष्ट कठीण दगडाचे सामते, म्हणजे भोक पाडायची साधने, वापरली जात. पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनॉयर यांनी तशाच सामत्याने प्रत्यक्ष प्रयोग केले, तेव्हा वेज तासाला सुमारे अडीच मिलिमीटर इतकाच पुढे सरकला. म्हणजे १० सेंटिमीटर लांबीच्या एका मण्याला केवळ वेज पाडण्यासाठी ४० तास लागत, आणि शेवटच्या तासाला मणी तडकला तर सारे श्रम वाया जात. तांबड्या मण्यांवर क्षाराच्या लेपाने नक्षी काढून ती भाजून पांढरी करण्याची युक्तीही त्यांचीच.

सातवाहनांच्या काळात हा व्यापार थेट मराठी मुलखातून चाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत म्हटले आहे की पैठणहून पट्टेदार अकीकाच्या जातीचा दगड मोठ्या प्रमाणात आणि तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरहून, साधे कापड असा माल गाड्यांवर लादून बिनरस्त्याच्या मुलखातून भरुचच्या बंदरात येतो. तेथून तो रोमन जगात जाई. रोमन लोक पट्टेदार दगडाच्या पांढऱ्या थरात आकृती कोरून खालचा गडद थर पार्श्वभूमी म्हणून ठेवीत, आणि तांबड्या खड्याच्या, मेणावर ठसा उठवण्याच्या मोहरा बनवीत, कारण गरम मेण त्याला चिकटत नाही. पैठण, तेर, नेवासे, भोकरदन येथे सापडणारे मणी या उद्योगाची साक्ष देतात. येथे एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. पावसाळ्यानंतर गावाबाहेरच्या जुन्या पांढरीवर, म्हणजे पूर्वीच्या वस्तीच्या टेकाडावर, असे मणी उघडे पडतात आणि कधी कधी ते विकायलाही येतात. ते विकत घेऊ नयेत आणि उचलूनही नेऊ नयेत. मणी मातीच्या कोणत्या थरात होता, ही माहितीच त्याचे खरे मोल असते आणि तो हलवला की ती कायमची नष्ट होते. शिवाय १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेली मौल्यवान वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

मध्ययुगात या धंद्याचे केंद्र गुजरातमधील खंबायतेला (इंग्रजीत कॅम्बे) स्थिरावले आणि आजही ते तेथेच आहे. कच्चा दगड भरुच जिल्ह्यातील रतनपूरच्या परिसरातून येतो. तेथे जुन्या प्रवाहांनी आणून टाकलेल्या गोट्यांच्या थरांत खड्डे खणून तो काढतात. रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर या सिद्दी संताचा दर्गा असून अकीकाच्या कामाचा आरंभ त्यांच्यापासून झाला, अशी कारागिरांची श्रद्धा आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज अधिकारी दुआर्ते बार्बोसा याने याच भागातील लिमोदरा गावी अकीक भाजून तांबडा करतात आणि त्याच्या वस्तू अरबस्तानात व आफ्रिकेत जातात, असे लिहून ठेवले आहे. जमिनीत तिरपी रोवलेली लोखंडी अणी, म्हशीच्या शिंगाच्या डोक्याची हातोडी आणि हिऱ्याची कणी बसवलेला सामता ही तेथील कारागिरांची परंपरागत साधने आहेत. शिंगाचा मऊ ठोका दगडाला धक्का न देता हवी तेवढीच कपची उडवतो. घडलेले मणी पूर्वी चामड्याच्या पिशवीत पाणी आणि घर्षक भुकटी घालून, ती पिशवी दिवसचे दिवस इकडून तिकडे लोळवून जिल्हईदार करीत. आता त्या जागी फिरते पिंप आले आहे. ‘अगेट्स ऑफ कॅम्बे’ या नावाने या मालाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

भाजलेला, रंगवलेला आणि नकली

येथे तीन गोष्टींची गल्लत होते, ती टाळावी. पिवळसर-तपकिरी दगड मडक्यात घालून मंद आचेवर भाजला की त्यातील लोहाच्या संयुगातले पाणी निघून जाते आणि रंग तांबडा होतो. ही प्रक्रिया सिंधू संस्कृतीपासून चालत आली आहे. रंग दगडातल्याच लोहाचा असतो आणि तो टिकतो. भाजलेला अकीक खोटा मानण्याचे कारण नाही.

रंगवलेल्या अकीकाची गोष्ट निराळी. प्लिनी या रोमन लेखकाच्या काळीही दगड मधात उकळण्याची पद्धत माहीत होती. जर्मनीतील इडार-ओबरश्टाइन येथील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात, ब्राझीलमधून करड्या रंगाचा अकीक मोठ्या प्रमाणात येऊ लागल्यावर, हे तंत्र पूर्णत्वास नेले. दगड साखरेच्या द्रावणात मुरवून गंधकाम्लात टाकला की छिद्रांतील साखरेचा कोळसा होतो आणि पट्टे काळेभोर दिसतात. लोहाच्या क्षारांनी तांबडा आणि क्रोमियमच्या क्षारांनी हिरवा रंग मिळतो. बाजारातील बहुतेक काळा ‘ओनिक्स’ असाच बनलेला असतो. दगड खरा, रंग मात्र दिलेला, असे विक्रेत्याने सांगितले तर त्यात काही गैर नाही. न सांगता नैसर्गिक म्हणून विकला तर ती फसवणूक होय. गर्द गुलाबी, जांभळा किंवा विजेरी निळा पट्टेदार अकीक समोर आला, तर तो रंगवलेला आहे असेच धरून चालावे. निसर्गाच्या रंगपेटीत या दगडासाठी करडा, दुधी, धुरकट निळा, मधाळ पिवळा, तपकिरी आणि तांबडा हे रंग प्रामुख्याने असतात.

तिसरा प्रकार म्हणजे काच, प्लास्टिक किंवा राळेपासून केलेला नकली खडा, ज्यात अकीक मुळीच नसतो.

घरच्या घरी पारख

पहिली परीक्षा उजेडाची. भ्रमणध्वनीतील विजेरी खड्याच्या मागे धरावी आणि शक्य असल्यास दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहावे. खऱ्या अकीकाचे पट्टे बारीक असतात, त्यांच्या कडा एकमेकींत अलगद मिसळतात आणि वळण कोठेही यांत्रिक वाटत नाही. काचेत गोल बुडबुडे आणि ढवळल्यासारखी रेघ दिसते. छापील प्लास्टिकमध्ये रंग पृष्ठभागावरच संपतो. रंगवलेल्या खड्यात रंग भेगांमध्ये आणि मण्याच्या वेजाभोवती साचून गडद झालेला दिसतो. वेजाची कड पाहणे हा त्यासाठी सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

दुसरी परीक्षा वजनाची. सेंटिग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा असेल तर खड्याचे कोरडे वजन टिपून घ्यावे. मग पाण्याची वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा आणि खडा दोऱ्याने असा धरावा की तो पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही. या वेळी दिसणाऱ्या आकड्याने कोरड्या वजनाला भागावे. १३ ग्रॅमच्या खड्यासाठी ५ ग्रॅम आकडा आला तर उत्तर २.६ येते आणि ते अकीकाशी जुळते. राळ व प्लास्टिक यांचे उत्तर साधारण १.१ ते १.५ च्या आसपास येत असल्याने ते लगेच उघडे पडतात. काचेचे उत्तर मात्र अकीकाच्या जवळ येऊ शकते, म्हणून ही परीक्षा एकटी पुरेशी नाही.

कठीणतेची परीक्षा खडा खराब करू शकते, म्हणून ती तयार दागिन्यावर करू नये. कच्चा तुकडा असेल तर त्याची कड काचेच्या जुन्या तुकड्यावर जोराने ओढावी. अकीक स्पष्ट खाच पाडतो. रंगाचा संशय असेल तर नखपॉलिश काढण्याच्या अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस न दिसणाऱ्या बाजूवर घासावा. कापसाला रंग लागला तर निर्णय झाला. मात्र क्षारांनी आणि आम्लांनी दगडात मुरवलेला रंग असा निघत नाही, त्यामुळे कापूस स्वच्छ राहिला म्हणून रंग नैसर्गिक ठरत नाही.

खड्यावर दोरा किंवा केस घट्ट गुंडाळून तो पेटवण्याची एक परीक्षा अनेक ठिकाणी करून दाखवतात. दोरा जळला नाही तर अकीक अस्सल, असे सांगतात. ही परीक्षा निरुपयोगी आहे. दोरा जळत नाही कारण त्याला चिकटलेला घट्ट पदार्थ ज्योतीची उष्णता ओढून घेतो, आणि हे काम काचही थोडा वेळ करते. त्यात चांगला खडा तडकण्याचा धोका आहे, तो वेगळाच.

विकत घेताना

अकीक नवरत्नांत मोडत नाही आणि तो विपुल मिळतो. म्हणूनच त्याची किंमत वजनाच्या मानाने फार नसावी. ती वाढते ती नक्षीच्या दुर्मीळपणामुळे, घडणीच्या सफाईमुळे आणि कोरीव कामामुळे. ‘सिद्ध केलेला’, ‘भारलेला’ किंवा ‘ऊर्जित’ म्हणून दसपट भाव सांगितला जात असेल, तर त्या जादा पैशाच्या बदल्यात दगडात मोजता येईल असा कोणताही फरक नसतो. विक्रेत्याला सरळ तीन प्रश्न विचारावेत: दगड कोठला आहे, भाजलेला आहे का, रंगवलेला आहे का. त्याची उत्तरे पावतीवर लिहून मागावीत. प्रामाणिक व्यापारी याला हरकत घेत नाही. माळ घेताना मण्यांची कड बोटाने चाचपावी, वेज मधोमध आहे का आणि त्याच्या तोंडाशी कपची उडाली आहे का ते पाहावे, कारण तशी कड दोरा कापते. अंगठीसाठी घुमटाकार खडा घ्यावा आणि त्याची कडा कोंदणात पूर्ण झाकलेली असावी. सर्व मणी तंतोतंत एका रंगाचे असलेली माळ पाहून आनंदून जाण्याऐवजी सावध व्हावे. नैसर्गिक मालात छटांचा फरक असायलाच हवा.

आरोग्याच्या उपयोगांविषयी

या खड्याला औषधी मानण्याची परंपरा जुनी आणि दूरवर पसरलेली आहे. प्लिनीने लिहिले आहे की अकीक विंचू आणि कोळी यांच्या दंशावर गुणकारी समजला जातो, त्याकडे पाहिल्याने डोळ्यांना बरे वाटते आणि तोंडात धरल्याने तहान शमते. मुस्लिम परंपरेत अकीकाच्या अंगठीला आदराचे स्थान आहे. आपल्याकडे सुलेमानी खडा दृष्ट लागू नये म्हणून बांधतात आणि हकीकाच्या माळेवर जप करतात. युनानी आणि आयुर्वेदिक औषधनिर्मितीत अकीक तापवून गुलाबपाण्यात वारंवार विझवतात व त्याच गुलाबपाण्यात दीर्घकाळ खलून त्याची पिष्टी, म्हणजे पोटात घ्यायची अतिबारीक भुकटी, करतात. ती छातीतील धडधड, दाह आणि रक्तस्राव यांवर देण्याची वैद्यांची परंपरा आहे.

परंपरा सांगणे आणि तिची हमी देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अंगावर धारण केलेल्या अकीकामुळे एखादा रोग बरा होतो, याला वैज्ञानिक पुरावा नाही. तो शरीराशी रासायनिक देवघेव करत नाही, कारण सिलिका घामात विरघळत नाही. आणि त्यातून मोजता येईल अशी कोणतीही आरोग्यदायी ऊर्जा बाहेर पडत नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर फ्रेंच यांनी २००१ मध्ये मांडलेल्या प्रयोगात काही जणांच्या हातात खरे स्फटिक तर काहींच्या हातात नकली स्फटिक देण्यात आले. ऊब जाणवणे, मुंग्या येणे, हायसे वाटणे अशा संवेदना दोन्ही गटांनी सारख्याच सांगितल्या. ज्यांना आधीच अशा संवेदनांविषयी सांगून ठेवले होते, त्यांना त्या अधिक जाणवल्या. याचा अर्थ लोक खोटे बोलतात असा नाही. हायसे वाटणे खरे असते. ते दगडातून येत नाही, माणसाच्या अपेक्षेतून आणि स्वस्थ बसण्यातून येते.

म्हणून अकीकाचा जो उपयोग मी मनापासून सुचवीन, तो या समजुतीवर उभा आहे. रात्री झोपेपूर्वी दिवे मंद करून माळेचा एकेक मणी सावकाश सरकवावा आणि प्रत्येक मण्याबरोबर एक दीर्घ श्वास सोडावा. नाम घेणाऱ्याने नाम घ्यावे, न घेणाऱ्याने केवळ श्वास मोजावा. १०८ मण्यांची माळ या गतीने फिरवायला दहा-बारा मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ हात, श्वास आणि लक्ष एका ठिकाणी राहते. गुळगुळीत, गार आणि थोडा जड मणी या कामाला लाकडी किंवा प्लास्टिकच्या मण्यापेक्षा बोटांना अधिक सुखावतो, एवढा फायदा निश्चितपणे दगडाचा म्हणता येईल. झोपेची तक्रार आठवडे टिकली, छातीत धडधड किंवा दुखणे असेल, रक्तस्राव असेल, तर माळ बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे आणि चालू औषध खड्याच्या भरवशावर कधीही थांबवू नये.

पिष्टीविषयी विशेष सावधगिरी हवी. ती नोंदणीकृत वैद्याच्या सल्ल्यानेच आणि परवानाधारक औषधशाळेचीच घ्यावी. बाजारातला मणी घरी कुटून पोटात घेणे सर्वथा टाळावे. खडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी ते पाणी पिण्याची प्रथाही रंगवलेल्या खड्यांच्या बाबतीत धोक्याची आहे, कारण रंगासाठी वापरलेले क्षार त्या पाण्यात उतरू शकतात.

विंचवाच्या दंशाचा उल्लेख वर आला, तो महाराष्ट्रात केवळ इतिहास म्हणून सोडून देता येत नाही. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर मृत्यूचे प्रमाण फार खाली आले. विंचू चावलेल्या माणसाला खडा, दोरा किंवा मंत्र यांत गुंतवून ठेवणे म्हणजे त्याची वाचण्याची वेळ खर्च करणे होय, आणि अशा माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणे हा महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार ताईत किंवा कवच यांनी बरे होतात अशी जाहिरात करण्यास १९५४च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यानेही बंदी आहे.

अकीकाचे जे उपयोग निर्विवाद आहेत, ते त्याच्या कठीणपणातून आले आहेत. प्रयोगशाळेत नमुने खलण्यासाठी अकीकाचे खलबत्ते वापरतात, कारण ते झिजून नमुन्यात मिसळत नाहीत. सोन्याच्या वर्खाला ओप देण्यासाठी अकीक बसवलेली हत्यारे आजही वापरतात, आणि पूर्वी हस्तलिखितांचे कागद खळ लावून अकीकाने घोटले जात, म्हणजे लेखणी अडत नसे आणि शाई फुटत नसे.

घरी घोटायचा असेल तर

या कामात एका धोक्याला पहिला मान दिला पाहिजे. अकीक कोरडा घासला की सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ उडते. ती फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि सिलिकोसिस हा रोग जडतो, ज्यावर उपचाराने झालेली हानी भरून येत नाही. अशा रुग्णाला क्षयाचा धोकाही वाढतो. खंबायतेतील घासकाम करणाऱ्या कित्येक कारागिरांचे आयुष्य या रोगाने उमेदीतच संपले आहे. आरोग्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूने ती घडवणाऱ्याचा श्वास घ्यावा, हे मला अतिशय दुःखद वाटते. मोठ्या प्रमाणावर खरेदी करणाऱ्याने घासकाम पाण्याखाली होते का आणि धूळ ओढून घेणारी यंत्रणा आहे का, हे विचारल्याशिवाय माल उचलू नये.

घरी काम करताना दगड सदैव ओला ठेवावा. एखादाच खडा असेल तर पाण्यात चालणारा सिलिकॉन कार्बाइडचा घासकागद घेऊन जाडपासून बारीककडे, २२०, ४००, ६००, १००० या क्रमांकांनी घासावे. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण राहिलेला ओरखडा शेवटी चमकेबरोबर अधिकच उठून दिसतो. मग ओल्या चामड्यावर सेरियम ऑक्साइड लावून घोटावे. गोटे बरेच असतील तर फिरते पिंप सोयीचे. ते दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरावे, दगडांच्या वरच्या थरापर्यंत येईल इतके पाणी घालावे आणि ८० क्रमांकाच्या घर्षक भुकटीने सुरुवात करून २२०, ५०० आणि शेवटी घोटण्याची भुकटी असे टप्पे घ्यावेत. प्रत्येक टप्प्याला साधारण एक आठवडा लागतो. टप्पा बदलताना दगड आणि पिंप दोन्ही कसोशीने धुवावेत. जाड भुकटीचा एक कण मागे राहिला तरी पुढची सारी जिल्हई बिघडते. पिंपातील चिखल न्हाणीघराच्या मोरीत ओतू नये, तो खाली बसून नळी बुजवतो. बादलीत निवळू द्यावा आणि गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून टाकावा. सांडलेले पाणी वाळण्याआधी पुसून घ्यावे, नाहीतर तीच धूळ पुन्हा हवेत उडते.

निगा

अकीक टिकाऊ आहे, तरी आच आणि अचानक बदलणारे तापमान त्याला सोसत नाही. सोनाराकडे अंगठी झाळायला देताना खडा काढून घ्यायला सांगावे. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढे सफाईला पुरते. ब्लीच, आम्ले आणि चांदी उजळण्याची रसायने लावू नयेत. खडा ‘शुद्ध’ करण्यासाठी मिठात पुरणे किंवा दिवसभर उन्हात ठेवणे अनेक जण सुचवतात. त्याने दगडाला काही मिळत नाही. उलट मिठाने चांदीचे कोंदण आणि दोरा खराब होतो आणि उन्हात रंगवलेला खडा फिका पडतो. ठेवताना मोती, पोवळे आणि ओपल यांच्यापासून तो वेगळ्या कापडात ठेवावा, कारण तो या सर्वांवर ओरखडे पाडतो.

माळ ओवताना रेशमी किंवा नायलॉनचा पक्का दोरा घ्यावा आणि प्रत्येक दोन मण्यांमध्ये गाठ मारावी, म्हणजे मणी एकमेकांवर आपटून वेजाच्या कडा फुटत नाहीत आणि दोरा तुटला तरी एखाददुसराच मणी निसटतो. रोज वापरातल्या माळेचे मणी दर काही महिन्यांनी बाजूला सारून गाठींजवळचा दोरा पाहावा. तो विस्कटलेला किंवा काळपट दिसला तर माळ तुटण्याची वाट न पाहता ती पुन्हा ओवून घ्यावी.